चैत्रात पाणी उतरतं तेव्हा

चैत्र लागला की सिल्वासात मोहाचा वास सुटतो. मी मूळची राजापूरकडची. इथे शिक्षिकेच्या नोकरीला आले त्या वर्षी हा वास मला मुळीच सोसला नव्हता. झाडाखाली फणस फुटून पडावा आणि घरातल्या कुणी तो उचलूच नये, तसला जड, गोडसर, डोक्यात चढणारा वास. आता इतकी सवय झालीय की एखाद्या वर्षी तो यायला उशीर झाला तर मीच गच्चीत जाऊन नाक वर करून उभी राहते. शेजारचे काका विचारतात, "शुं थयुं, बेन?" काय सांगणार त्यांना, कपाळ!

आज सकाळी गलोंड्याच्या रस्त्यावर तो वास आला. बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकल्या होत्या. कंपनीची बस त्यांच्यावर धूळ उडवत गेली. एरवी मी तिथे थांबले असते, चार फुलं वेचून तोंडात टाकली असती. पण तेवढ्यात शोभाचा निरोप आला. शोभा आमच्या सामरवरणीत कामगारांना डबे पुरवते, धुळ्याकडची आहे, आणि फोनवरसुद्धा नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी ओरडते. "मॅडम, ऐकलं का? दुधनीचं पाणी यंदा लवकरच उतरी राहिलंय म्हणे!" एवढंच. पण मी स्कूटर कडेला लावली आणि बसून राहिले. धरणाचं पाणी उतरलं, ही काय दचकायची बातमी आहे? दर उन्हाळ्यात उतरतं. पण एका चैत्रानं मला असं काही दाखवलं, की मी अजून पुरती सावरलेली नाही.

त्या चैत्राविषयी बोलायचं तर आधी आमच्या गटाविषयी बोललं पाहिजे. गट म्हणजे फार काही समजू नका. त्याला नाव नाही, पाटी नाही, अध्यक्षीण नाही. पिठाच्या गिरणीमागे एक खोली आहे, तिच्यात आम्ही जमतो आणि निघताना केसांवर पीठ घेऊन बाहेर पडतो. सिल्वासात कुठून कुठून माणसं येतात कामाला. नंदुरबारची, ओडिशाची, बिहारची, पार आसामपलीकडची. त्यांच्या बायकांना दवाखान्यात कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते कळत नाही, पोरांना शाळेत कुणी घेत नाही, खोलीचा मालक वाट्टेल तसं बोलतो. मग आम्ही जातो. मी बोलायला, शोभा भांडायला आणि कमळीताई शांत उभी राहायला. कमळीताई इथलीच, वारली. सरकारी दवाखान्यात आया होती. ती नुसती शेजारी उभी राहिली तरी घाबरलेल्या बाईचा श्वास खाली बसतो, हे मी पाहिलेलं आहे. आमच्या तिघींत खरी कामाची तीच. आमच्या दोघींचं तोंड कामाचं.

अशा आमच्या खोलीत एकदा दोऱ्याच्या कंपनीतल्या काही मुली आल्या. बारीक डोळ्यांच्या, नाजूक, एकमेकींना धरून उभ्या. पुढे होती मिताली. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आम्ही चकमा, नॉर्थईस्टचे. आमचा पण ग्रुप आहे. छोटा." त्यांचा गट आमच्यापेक्षा गुणी निघाला, बरं का. गावाकडून नवीन मुलगी आली की तिला गादी देणं, कुणी आजारी पडली तर तिच्या वाटणीचं काम शिफ्टमध्ये वाटून घेणं, रविवारी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर सगळ्यांनी बसणं. हे सगळं त्या एवढ्याशा पोरी मुकाट्याने करत होत्या. त्यांना आमच्याकडून फक्त एक हवं होतं. खोलीचा मालक त्यांना बाहेर काढत होता. का, तर वास येतो.

आम्ही तिघी गेलो. जिन्यातच मला तो वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. सुकी मासळी! अहो, किती वर्षांनी! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मालक नाकाला रुमाल लावून तक्रार सांगतोय आणि मी विचारतेय, "मिताली, कांदा घालतेस का गं यात?" शोभानं मला कोपरानं ढोसलं. मग तिनं त्या मालकाला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कमळीताई आत गेली, मुलींच्या चुलीपाशी बसली आणि एक तुकडा मागून घेऊन खाल्ला. मालक बघतच राहिला. खोली टिकली.

त्या दिवसापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं. आणि मग मला एकेक गोष्टी कळायला लागल्या. भाजीवाला या मुलींना "ए चायनीज" म्हणून हाक मारतो. रिक्षात माझ्याशेजारी बसलेली चांगली शिकलेली बाई मितालीला विचारते, "तुम कौनसे कंट्री का है?" मिताली हसून म्हणते, "इंडिया." बाई म्हणते, "नहीं, असली?"  मिताली अरुणाचलात जन्मली, तिची आई तिथेच जन्मली. आजी तेवढी लहानपणी सीमेपलीकडून आली होती, आईचं बोट धरून, डोंगर तुडवत. त्या एका वाटचालीपायी तिच्या लेकीला आणि नातीलाही लोक आयुष्यभर निर्वासित म्हणत आले. म्हातारी झाली तरी माणूस नवीनच आलेलं! मी घरी येऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार होते?

त्या चैत्राआधीच्या हिवाळ्यात मितालीची आई तापानं गेली. आजीला सांभाळायला तिकडे कुणी उरलं नाही, म्हणून मिताली तिला इकडे घेऊन आली. मुली तिला नानू म्हणायच्या, मग आम्हीही नानूच म्हणू लागलो. एवढीशी म्हातारी. काळ्या-लाल पट्ट्यांचं, हातानं विणलेलं वस्त्र कमरेला. डोळे मिटल्यासारखे, पण सगळं बघणारे. ती आमच्यातल्या कुणाशी बोलायची नाही, भाषाच नव्हती. फक्त कमळीताई गेली की सरकून जागा करून द्यायची. दोघी शेजारी बसून शेंगा सोलायच्या, तासन्‌तास, एक शब्द न बोलता. मला तर बाई एवढं गप्प बसणं जन्मात जमलं नसतं.

चैत्र उजाडला तशी नानू अस्वस्थ झाली. जेवण टाकायला लागली. मिताली माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "मावशी, बिझू येतोय." बिझू हा त्यांचा वर्ष सरतानाचा सण. त्याच्या पहिल्या दिवशी उजाडताना फुलं गोळा करायची आणि वाहत्या किंवा साठलेल्या, पण मोकळ्या पाण्यात सोडायची. सरत्या वर्षाचं दुखणंखुपणं त्या फुलांबरोबर पाण्याला देऊन टाकायचं. गेल्या बिझूला नानूचा पाय मुरगळला होता, ती नदीवर गेली नाही. आणि त्याच वर्षात तिची मुलगी गेली. आता तिनं मनात पक्कं धरलं होतं. फुलं राहिली म्हणून लेक गेली. यंदाही राहिली तर नात जाईल.

"तू तिला समजाव ना," मी म्हणाले.

"काय समजावू?" मिताली म्हणाली. "ती मला रात्रपाळीला जाऊ देत नाही. दरवाज्यात बसते. मावशी, नोकरी जाईल माझी. तिला फुलं सोडू दे फक्त. मग ती जेवेल."

एवढंच तर होतं. ओंजळभर फुलं आणि थोडं पाणी. मी म्हटलं, अगं, आपल्या उशाशी दमणगंगा वाहतेय, चिंता कसली! मुली सणाच्या आदल्या आठवड्यात जागा बघायला नदीवर गेल्या. परत आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. काही टगे मोबाइल काढून त्यांच्या मागे लागले होते. "चायना वापस जाओ" असं ओरडत त्यांनी नदीच्या काठाकाठानं मुलींना पळवलं होतं. भरदिवसा, लोक फिरायला आलेले असताना! एकजण मध्ये पडला नाही.  मुलींनी कानाला हात लावले. आता नदी नको, बिझू नको, काही नको. कोपऱ्यात नानू बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिनं भाताचं ताट दूर सारलं.

तेव्हा शोभा उठली. "दुधनीला चला!" ती म्हणाली. "तिथं काय कमी पाणी आहे का? ज्याच्यात्याच्यात नाक खुपसणारं कोणी नाही सकाळी. माझा टेम्पो आहे. मी नाश्ता करते. नानूला दाखवा, आमच्या सिल्वासाचं पाणी कसं असतं ते!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. दुधनी म्हणजे आमच्या भागाचं कौतुकाचं ठिकाण. डोंगरांच्या कुशीत पसरलेलं धरणाचं निळंशार पाणी, रंगीत छताच्या होड्या, फोटो काढायला आलेली नवी जोडपी. माझ्या शाळेची सहल दर वर्षी तिथेच जायची. पाहुणे आले की त्यांना दुधनी दाखवल्याशिवाय मी परत पाठवलेलं नाही. त्यामुळे ही कल्पना आपल्याला आधी कशी सुचली नाही याचंच मला नवल वाटलं.  कमळीताई मात्र उठून बाहेर गेली आणि ओट्यावर चाळणी झटकत राहिली. शोभा म्हणाली, "ताईला गाडी लागते, तिला नको न्यायला." मीही म्हटलं, हो, ती कधीच येत नाही दुधनीला. पण कमळीताई दारातूनच म्हणाली, "मी येन. म्हातारीला पाणी पायजे ना. मी येन."

आदल्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा चाफा लुटला. बागेला "फुले तोडू नयेत" ही पाटी त्यांनी माझ्याकडूनच सुवाच्य अक्षरात लिहून घेतली होती. मितालीनं झुडपामागून ओढणी धरली आणि मी वाकवलेल्या फांद्यांवरून फुलं खुडली. रस्त्याच्या वळणावरचा बहावा नुकता फुलला होता, तोही घेतला. कण्हेर, जास्वंद, तगर. घरभर वास. नानूनं ती फुलं ओल्या फडक्यात बांधली, उशाशी ठेवली आणि त्या दिवशी अर्धा वाडगा भात खाल्ला. मितालीनं मला ते फोन करून कळवलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, आपल्या या बिननावाच्या गटानं जन्माला येऊन काहीतरी केलं.

उजाडायच्या आत निघालो. टेम्पोत मागे आम्ही सगळ्या जणी, मुली काहीतरी गुणगुणत होत्या. खेरडीच्या शेतांवरून गार वारा येत होता. मोहाचा तो वास तर जागोजागी, एखाद्या वळणावर अंगावरच येई. नानू फुलांची पुरचुंडी मांडीत घेऊन ताठ बसलेली. तिच्या समोर कमळीताई, डोळे मिटून. तिच्या कपाळावर घाम पाहून शोभानं तिला लिंबू दिलं. तिनं ते मुठीत धरलं, हुंगलं नाही.

दुधनीला पोचलो तेव्हा डोंगरामागून उजेड फुटत होता. पाणी खूपच आत गेलं होतं. होड्या लागतात तिथून पुढे, आडबाजूला, पाणी ओसरून उघडी पडलेली उतरती जमीन होती. भेगाळलेला गाळ, वठलेल्या झाडांची खुंटं. शोभानं पुढे जाऊन पाण्याच्या अगदी कडेला एक छानशी सपाट जागा शोधली. "माय वं, काय जागा आहे!" ती ओरडली. "जसा ओटाच बांधून ठेवलाय!" तिनं तिथे सतरंजी अंथरली, उपम्याचा डबा ठेवला. जमिनीत एक गोल, गुळगुळीत दगडी खळगा होता. त्यात तिनं पाण्याची कळशी बसवली. "बघा मॅडम, देवानं कळशीसाठी खड्डापण करून दिलाय. हलणार नाही आता!" मला हसू आलं. मी सतरंजीवर मांडी ठोकली आणि मुलींचा एक फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. काढून टाकायला हात होत नाही, बघवतही नाही.

नानू सतरंजीच्या कडेशी आली आणि थांबली. ती पाण्याकडे बघत नव्हती, कळशीकडे बघत होती. मग खाली बसली. कळशी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली आणि त्या दगडी खळग्याच्या आतून बोटं फिरवली, सावकाश, गोल. मग शेजारची माती हातानं लोटली. खालून दगडांची एक सरळ रांग निघाली. पुढे अजून एक, काटकोनात वळलेली. नानूनं मितालीकडे मान वर करून काहीतरी विचारलं. मितालीचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारते, हे उखळ कोणाचं? हे घर कोणाचं?"

मी म्हणणार होते, अगं घर कुठलं इथे, धरण आहे हे. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आमचं."

कमळीताई वर, एका खुंटापाशी उभी होती. तिनं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, दवाखान्यात कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं. "माझ्या बापसाचं घर. उखळ आयशीचं. मी नागलीचा कोंडा उडवायची तिथं बसून."

माझ्या हातातली उपम्याची बशी तशीच राहिली.    मी एका घरात बसले होते. बुडालेल्या घराच्या जमिनीवर सतरंजी टाकून मी नाश्ता करत होते. आणि घरातली लेक दूर झाडाच्या खुंटाला धरून ते बघत होती.

कमळीताई राहते त्या वस्तीला सगळे "धरणवाल्यांची वस्ती" म्हणतात. मीही म्हणते. रिक्षावाल्याला इतकी वर्षं तेच सांगत आले. पण तो माझ्यासाठी नुसता पत्ता होता. धरण म्हटलं की मला पाणी दिसायचं, होड्या दिसायच्या, सहलीतली पोरं दिसायची. त्या पाण्याखाली चुली असतील, गोठे असतील, हे पुस्तकातलं म्हणून ठाऊक होतं. पण कळशी बसवलेलं उखळ हे पुस्तकातलं नव्हतं. आम्ही लांबलांबून आलेल्या बायांची दुःखं शोधत फिरत होतो आणि आमच्यातल्याच एकीला, रोज आमच्याबरोबर चहा पिणारीला, तिचं घर कुठे होतं हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

"ताई, अगं बोलायचं ना!" शोभा रडवेली होऊन म्हणाली. "मी कशाला आणलं असतं इथं सगळ्यांना?"

"तुम्ही सगळ्या खूश होतात," कमळीताई म्हणाली. "म्हातारी जेवत नव्हती. मी कशाला मोडता घालू?" मग म्हणाली, "दर साली एवढं पाणी जात नाय. मला काय माहीत, आज घर दिसेल म्हणून? बापूस होता तवा यायचा चैत्रात बघायला. पाणी उतरलं का, घर दिसतं का. मी नाय यायची. मला नाय बघवत."

मिताली हे सगळं आजीला सांगत होती. कसं सांगितलं कोण जाणे, कुठल्या शब्दांत. नानू ऐकत होती आणि तिचे ते मिटल्यासारखे डोळे हळूहळू उघडत गेले. मग ती बोलायला लागली. इतक्या महिन्यांत मी तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मिताली मध्ये मध्ये अडत होती, हिंदीत, मराठीत, जे हाताशी येईल त्या शब्दात सांगत होती. 

सीमेपलीकडे नानूच्या गावाशी एक मोठं धरण झालं होतं. ती लहान होती. शेतं गेली, गाव गेलं, त्यांच्या राजाचा वाडासुद्धा पाण्यात गेला. पाणी काही पुरासारखं धावून आलं नाही. रोज थोडं थोडं वर चढलं. आज बांधाशी, उद्या केळीच्या बुंध्याशी. निघायच्या दिवशी तिच्या आईनं घर झाडून काढलं आणि दारात पाण्यानं भरलेला घडा ठेवला, कारण त्यांच्यात पाहुण्यासाठी दारात पाणी ठेवायची रीत आहे. लोक म्हणाले, अगं वेडे, कोण येणारे आता? आई म्हणाली, कोणी आलं तर तहानलेलं असेल.

कमळीताई खुंट सोडून केव्हा खाली आली, मला कळलं नाही. "आमच्या आयशीनं सारवलं होतं," ती म्हणाली. "सगळं घर. ट्रक उभा होता, बापूस ओरडत होता, आणि ती सारवत होती. वल्या जमिनीवर पाय नको देऊ म्हणून मला मारलं बी तिनं. पुढच्या पावसात पाणी भरलं."

मितालीनं ते आजीला सांगितलं. दोघी म्हाताऱ्या, हो, कमळीताईही म्हातारीच दिसत होती त्या उजेडात, एकमेकींकडे बघत राहिल्या. हजारो मैलांवरच्या दोन आया. एकीनं बुडायच्या घराच्या दारात पाणी भरून ठेवलं, दुसरीनं बुडायचं घर सारवून ठेवलं. आणि त्यांच्या लेकी कित्येक महिने आमच्या डोळ्यांदेखत शेजारी बसून मुकाट शेंगा सोलत होत्या. देवा रे! मी माणसांत राहते असं मी समजत होते.

ऊन चढत होतं. मुली एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. कुणाला काय करावं ते सुचेना. होड्यांकडून कुणीतरी गाणं लावल्याचा आवाज आला आणि मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. नानूच्या हातात फुलं तशीच होती. फडकं सुकत चाललं होतं, चाफ्याच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. मिताली तिला हळूच काही म्हणाली. नानूनं मान हलवली. नाही.

मितालीचा धीर सुटला. "ती नाही सोडणार," ती मला म्हणाली. "म्हणते, हे पाणी नाही, हे घर आहे. दुसऱ्याच्या घरात आपलं दुखणं कसं टाकायचं?" आणि ती तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली.  दुसरीकडे जाऊ म्हणावं, तर कुठे? नदीवर? आणि आता कुठल्या पाण्याकडे मी बेधडक बोट दाखवणार होते?

मग नानू उठली. ती दगडांच्या रांगेबाहेर गेली, आमच्या सतरंजीला वळसा घालून. कमळीताईच्या पुढ्यात उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ती पुरचुंडी पुढे धरून तिनं काहीतरी विचारलं. एवढंसं वाक्य. मितालीनं डोळे पुसत सांगितलं, "ती विचारते, घर तुझं आहे. मी आत येऊ का?"

कमळीताई तिच्याकडे बघतच राहिली.  या घरात पाणी शिरलं ते न विचारता. मोजणीवाले आले असतील ते न विचारता. होड्या आल्या, सहली आल्या, मी आले, शोभाची कळशी आली.  मग कमळीताईनं पदरानं तोंड पुसलं, चपला काढल्या आणि दगडांच्या रांगेत एका जागी, जिथे दोन दगडांमध्ये हातभर मोकळी जागा होती तिथून, आत गेली. वळून उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला.

"ये," ती म्हणाली. "ये, आत ये. पुढं चूल होती, तिथं सोड."

नानूनं चपला काढल्या. त्या दोन दगडांशी आली आणि कुणी काही न सांगता तिनं मान खाली घातली, पाठ वाकवली. बुटक्या दाराच्या घरात शिरताना वाकतात, तशी. आणि ती आत गेली. कमळीताईनं तिचा हात धरला. दोघी त्या घरातून चालत मागच्या बाजूला गेल्या, जिथे पाणी होतं. पाण्यात घोट्यापर्यंत उतरल्या. बहाव्याची पिवळी फुलं आधी सुटली, मग चाफा. मिताली धावत गेली, दाराशी थबकली, वाकली आणि आत शिरली.

शोभानं आणि मी घाईघाईनं सतरंजी गोळा केली, डबा उचलला, कळशी उचलली आणि दगडांच्या बाहेर येऊन चपला हातात घेऊन उभ्या राहिलो. आत जावंसं फार वाटत होतं. पण आम्हाला अजून कुणी या म्हटलं नव्हतं.